बरी आहे

९ जानेवारी, गुरुवार

आज बेलवलीच्या घरात आले. म्हणजे मला आणलं, स्ट्रेचरवरून, पाय आधी. सासूबाईंना ते बघवेना. त्यांनी ॲम्ब्युलन्सवाल्यांना दारातच थांबवलं आणि मला उलटं फिरवून डोकं आधी आत घ्यायला लावलं. त्या नादात माझं डोकं चौकटीवर आपटता आपटता वाचलं. आमचा गृहप्रवेश हा असा झाला. मला इतकं हसू आलं की टाके दुखले.

अंबरनाथचं आमचं घर चौथ्या मजल्यावर, आणि तिथली लिफ्ट नावापुरती. म्हणून उन्मेषनं काही महिन्यांसाठी बदलापूरच्या बेलवलीत ही तळमजल्याची जागा भाड्यानं घेतली. खिडकीबाहेर पपईचं झाड आहे, त्यापलीकडे कुणाकुणाच्या सायकली. हवा येते, ऊन येतं. चार भिंती बदलल्या की माणसाला तरतरी येते, हे खरं आहे.

झालं काय ते एकदा लिहून टाकते, म्हणजे परत लिहायला नको. उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये पडद्याचं कापड आणायला गेले होते. शेअर रिक्षात कडेला बसले होते. जीन्सच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो वळला आणि आमची रिक्षा आडवी झाली. बाकीच्या बाया खरचटण्यावर सुटल्या. माझं उजव्या मांडीचं हाड आणि कमरेचं हाड मोडलं. आता मांडीत रॉड आहे आणि कमरेत प्लेट. रंगाच्या कंपनीत मी डब्यांच्या बॅचा पास-नापास करते. उन्मेष म्हणाला, तुझीच बॅच दुरुस्त होऊन आलीय, आता पास कर.

पलंग मात्र झकास मिळाला. अंबरनाथच्या एका मंडळाचं रुग्णसाहित्य केंद्र आहे, गरजूंना वॉकर, कमोडची खुर्ची, पलंग वगैरे वापरायला देतात. तिथून हा हॉस्पिटलसारखा हॅण्डलचा पलंग आणलाय. पायाशी हॅण्डल फिरवलं की पाठ वर येते. काळ्या रेक्झिनची जाडजूड गादी. केंद्र चालवणारे शरदचंद्र काका कुणाला 'पुन्हा या' म्हणत नाहीत, 'लवकर परत आणा' म्हणतात, असं उन्मेष सांगत होता. मला ते काका न बघताच आवडले.

ही डायरीही कंपनीतूनच आली, नव्या वर्षाची. पडल्या पडल्या लिहीत जाईन.

११ जानेवारी, शनिवार

आज सुयोग आला, आमचा फिजिओथेरपिस्ट. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल, पण हाताला पक्का. वॉकर धरून उभं केलं. उजवा पाय नुसता टेकवायचा, भार टाकायचा नाही. घर एकदा गरकन फिरलं आणि मग जागेवर आलं. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मुलानं दहावीत काय मिळवलं तेव्हा वाजवल्या नसतील.

मी उभी असताना जनीनं चादर झटकली. जनी म्हणजे दिवसभर माझ्याजवळ असणारी बाई, बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून येते. चादर निघाल्यावर दिसलं, गादीला खोलगट जागा पडलीय, खांदा, कंबर, टाच, सगळं वेगळं ओळखू येतं. जुना फोम. मी जनीला गादी डोक्याची पायाकडे फिरवायला लावली. पण परत आडवी झाले तेव्हा खांद्याखाली खांद्याचीच जागा होती. कंपनीत असते तर हा माल गेटवरून परत पाठवला असता.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. सकाळपासून माणसंच माणसं. एकाच फेरीत तिळगूळ द्यायचा आणि पेशंटला बघायचं, अशी सोय होती. नवे शेजारी, जुने शेजारी, कंपनीतल्या दोघी, उन्मेषच्या आतेबहिणी. प्रत्येकीच्या माहितीत कुणीतरी असंच पडलेलं. कुणाची मावशी आता जिने चढते, कुणाचे सासरे पुन्हा कधी उठलेच नाहीत. हे दुसरं सांगून झालं की आपल्याच तोंडावर हात ठेवायचा आणि विचारायचं, आता बरी आहेस ना?

बरी आहे. हो, बरी आहे. खूपच बरी आहे. दिवसभरात किती वेळा म्हटलं असेन. दुसरं म्हणणार काय? घरी आलेल्या माणसाच्या हातात तिळगूळ आहे, त्याला काय आपलं रडगाणं ऐकवायचं? सासूबाईंनी मला दोनदा उभी करून चालून दाखवायला लावलं. तोंड भरून कौतुक झालं. दुसऱ्या वेळी दारापाशी पोचून मी सहज मागे पाहिलं तर पलंगावरची गोधडी फुगलेली होती, कुणी खाली झोपलंय अशी. जनीनं हात मारून ती बसवली.

सगळे गेल्यावर तिळगूळ तोंडात घातला. मातीची चव. तीळ खवट असतील म्हटलं, पण उन्मेषनं चार खाल्ले.

२३ जानेवारी, गुरुवार

पहाटे जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. जेवण घशाखाली उतरत नाही. काल सुयोग पाय वाकवून घेत होता तेव्हा मला रडू आलं. दुखत होतं म्हणून नाही. कशासाठी हे मला स्वतःलाच सांगता येईना.

सुयोग थांबला. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला की मोठ्या हाडाच्या ऑपरेशननंतर पुष्कळ पेशंटना असं होतं. हाड जुळत असतं आणि मन खचत जातं. त्याला डिप्रेशन म्हणतात, त्याला लाज नाही, त्याला डॉक्टर आणि औषध आहे. उल्हासनगरला त्याच्या ओळखीच्या एक चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत. फक्त तुम्ही सांगायला हवं मॅडम, ते एक्स-रेमध्ये येत नाही, असं म्हणाला.

एवढं चांगलं बोलला, आणि मी काय केलं? दारात सासूबाई चहा घेऊन उभ्या होत्या. मी डोळे पुसले आणि म्हणाले, छे, मी ठणठणीत आहे, बरी आहे. सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्या माऊलीनं माझ्यासाठी आपले गुडघे विसरून रात्रीचा दिवस केलाय. त्यांना घोर कशाला लावायचा.

३० जानेवारी, गुरुवार

पलंग अरुंद झालाय. वेड्यासारखं वाटेल, पण झालाय. दुपारी झोपते मधोमध आणि जागी होते तेव्हा अगदी कडेला असते, लोखंडी दांडीला चिकटून. भिंतीकडची अर्धी गादी रिकामी. आज जनी मला रागे भरली, एवढं सरकायला सांगितलंय कुणी म्हणून. चादर सारखी करताना तिचा हात भिंतीकडे गेला आणि ती थबकली. तिकडची चादरही गरम होती, आत्ताच कुणी उठल्यासारखी.

मी तिकडे झोपलेच नव्हते. जनीला सांगितलं तर ती म्हणाली, ताई, झोपेत काय कळतं. ते खरंच आहे म्हणा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिणार आहे. बॅच रिपोर्ट लिहिते तसं.

रथसप्तमीचं हळदीकुंकू. सुयोगनं आता अर्धा भार टाकायची परवानगी दिलीय, म्हणून सासूबाईंनी सोसायटीतल्या बायकांना बोलावलं. जनीनं मला हिरवी साडी नेसवली, वेणी घातली आणि ती बाहेर गेली. मी पलंगाच्या कडेला बसले होते. बाहेरून सासूबाईंनी हाक मारली, अनू, येतेस ना.

मला जमेना. उठायचं, हसायचं, प्रत्येकीला सांगायचं. नको जीव झाला. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. मी आहे तशी मागे आडवी झाले.

आणि वॉकर टेकल्याचा आवाज आला. हिरवी साडी दाराकडे निघाली. माझी पाठ. माझी वेणी. उजवा पाय जपून टाकत ती बाहेर गेली, पडदा हलला, आणि बायका म्हणाल्या, अगंबाई, काय छान चालतेय. मग माझा आवाज. हो, आता बरी आहे.

मी पडून होते. हात हलत होते, डोळे उघडे होते. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना.

बऱ्याच वेळानं ती परत आली, बसली आणि जिथे मी होते तिथेच आडवी झाली. गार, ओलं कापड अंगावर पडावं तसं झालं. मग मी उठून बसलेली होते आणि माझ्या हातात उरलेलं वाण होतं, स्टीलची वाटी. ती वाटी या क्षणी समोर आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

उन्मेषला म्हटलं, हा पलंग आपल्याआधी कुणाकडे होता विचार ना. तो म्हणाला, तुला नसत्या चौकशा. पण फोन केला. शरदचंद्र काका म्हणाले, जांभूळ गावचे एक अवधूत म्हणून बँकेतले गृहस्थ, त्यांची दोन्ही पायांची हाडं मोडली होती. उत्तम बरे झाले, स्वतः चालत येऊन पलंग परत करून गेले.

सासूबाईंनी ते नाव ऐकलं. त्यांच्या भजनी मंडळात या अवधूतांची बहीण येते. ती सांगते, दादा अगदी सोन्यासारखा झालाय, कशाला नाही म्हणत नाही. वहिनीचंच काहीतरी बिनसलंय. वहिनी म्हणते, हा हल्ली माझ्याशी भांडत नाही, आमटी खारट झाली तरी गोड मानून खातो, हा तो नाहीच. सासूबाई हसल्या. मी पण हसले. मग मला एकदम भीती वाटली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आता रोज होतं. आणि कशानं होतं ते मला कळलंय.

कुणी विचारलं आणि मी बरी आहे म्हटलं की ती उठते. जितक्या वेळा म्हणावं तितकी ती जास्त वेळ बाहेर राहते. पलंग काय करतो ते माहीत नाही, जागा देत असेल. पण तिला तयार मी केलीय, संक्रांतीपासून, गोड बोलून बोलून. मला त्या सगळ्यांची तोंडं उतरलेली बघायची नव्हती.

मग यावर उपाय एकच. कुणाला तरी एकदा खरं सांगायचं. बरी नाही. मला जगण्यात काही गोडी उरली नाही, मला मदत पाहिजे. एवढं बोलायचं. सुयोग आता शनिवारीच येतो. तो विचारतो दर वेळी. त्याला सांगायचं, बस.

जर नाही सांगितलं तर मी इथेच राहीन. ती घरी जाईल, ऑफिसला जाईल, उन्मेषशेजारी झोपेल. मी इथेच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बेल वाजली आणि माझ्याआधी ती उठली.

सुयोगनं विचारलं. दोनदा विचारलं, सरळ तिच्या डोळ्यांत बघून. झोप येते का, जेवण जातं का, मन लागतं का. ती म्हणाली, तेव्हा जरा खचले होते, आता बरी आहे. छान हसली. मी गेले काही आठवडे तसं हसलेले नाही.

बोलता बोलता त्यानं आपली बॅग पलंगावर ठेवली. माझ्या पोटऱ्यांवर. जड होती. मी दोन्ही हात वर केले, त्याच्या तोंडासमोर हलवले. तो तिच्या पायाकडे बघत होता, किती सुधारणा आहे ते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ती आता पलंगावर फारशी येतच नाही. उन्मेषबरोबर आतल्या खोलीत झोपते. वॉकर गेला, काठी आली. सासूबाई फोनवर सगळ्यांना सांगतात, आमची अनू वाघीण आहे.

भूक लागत नाही. तहान लागत नाही. डायरी माझ्याजवळच असते, उशीखाली. ती तिला हात लावत नाही. बऱ्या माणसाला रोज काय लिहायचं असतं.

आज जनीचा शेवटचा दिवस. पलंगाची चादर काढायला आली. तिचा तळवा माझ्या छातीवरून गेला आणि थांबला. ती दाराकडे वळून म्हणाली, "ताई, हितं अजून ऊनऊन लागतंय."

ती दारात माझे केस विंचरत उभी होती. म्हणाली, खिडकीतून ऊन येतं गं. जनीनं खिडकीकडे पाहिलं. सावली होती. पण जनी चादर गुंडाळून निघाली. तिचा घरी जायचा टेम्पो चुकला असता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मी एकटी नाही इथे.

भिंतीकडे कुणीतरी आहे. पाठ करून. श्वास लागतो. मी घाबरून कडेला सरकते, मग सरकायला जागा राहत नाही. पुरुष आहे. दुपारी तो हळूच बोलला. मला वाटलं माझंच मन बोलतंय. पण मला तो प्रश्न कसा सुचेल?

त्यानं विचारलं, "माझी बायको अजून भांडते का हो त्याच्याशी?"

अवधूत. जांभूळचे. मी म्हटलं, हो. म्हणते हा तो नाहीच. तो कितीतरी वेळ रडत होता. त्याच्या पलीकडे आणखी कुणी म्हातारी आहे, ती बोलत नाही. तिच्या पलीकडे —

डायरीतलं पान फाडलं. मोठ्या अक्षरात लिहिलं, उन्मेष, मी पलंगावर आहे. उशीवर ठेवलं. त्यानं संध्याकाळी उचललं, उलटंसुलटं बघितलं. त्याला कोरं दिसलं. घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं.

७ मार्च, शुक्रवार

एक्स-रे आला. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले कामावर जा. पेढे वाटले. उन्मेषला रडू आलं, तो तिला धरून रडला. इतक्या जवळ, माझ्या समोर — मला त्याला हात लावता आला असता. लावला. त्यानं खांदा झटकला, डास बसल्यासारखा.

पाडव्याच्या आत अंबरनाथला परत जायचं ठरलं. पलंग बावीस तारखेला नेणार. कुणी नवा पेशंट आहे.

एक वाट राहिलीय. सकाळी बूट घालायला ती इथे बसते. वाकून पट्टा लावेपर्यंत. तेवढा वेळ ती आणि मी एक असतो. परवा मला माझ्या पायात बूट घट्ट लागला, म्हणून कळलं. तेवढा वेळ तोंड माझं असेल. उन्मेष समोर हवा. फक्त तेवढंच हवं.

११ मार्च, मंगळवार

बोलले.

ती बसली. गार झालं. समोर उन्मेष, तिचा पट्टा लावायला वाकलेला. मी सगळा जीव गोळा केला. आवाज फुटला, माझा, घोगरा —

"उन्मेष, मी बरी नाहीये."

त्यानं वर पाहिलं. पट्टा सोडला. माझे दोन्ही हात धरले. त्यानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही, माझ्याकडे. म्हणाला, काय होतंय अनू, सांग मला. तो ऐकणार होता. मला दिसत होतं, ऐकणार होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, काय गं, काय झालं? आवाजात धास्ती.

आणि मी म्हणाले, "काही नाही आई, बरी आहे."

ती नाही म्हणाली. मी म्हणाले. मी. तोंडातून निघून गेलं, शिंक यावी तसं. सासूबाईंना काळजी नको म्हणून — एवढ्यासाठी —

उन्मेष हसला. घाबरवलंस की, म्हणाला. पट्टा लावला. ती उठली. गेली.

त्यानंतर ती खुर्चीवर बसून बूट घालते.

१८ मार्च, मंगळवार

आज घरात कुणी नव्हतं. ती आली. पलंगाजवळ उभी राहिली आणि खाली पाहिलं. मला पाहिलं. तिला मी दिसते — दिसतच होते —

मला वाटलं होतं ती हसेल. तिचे डोळे भरले होते. माझेच डोळे.

म्हणाली, "मी तरी काय करू? त्यांना मीच हवी आहे."

खरं आहे. तिला कामं जमतात. सासूबाईंना सुख आहे. उन्मेष गाणं म्हणतो आंघोळीला. माझ्याबरोबर त्याला काय मिळालं असतं, रडणारी बायको, दवाखाने, गोळ्या.

नाही. असं लिहायचं नाही. हे मी नाही, पलंग बोलतोय. सुयोग म्हणाला होता, औषध आहे. औषध आहे. त्यानं रडणारीला सांगितलं होतं, हसणारीला नाही. उन्मेषनं त्या दिवशी पट्टा सोडून माझे हात धरले होते. माझे.

मला माझ्या घरी जायचंय. मला भांडायचंय त्याच्याशी —

२१ मार्च, शुक्रवार

उद्या.

अवधूत म्हणतात, नवा माणूस आला की आपण खाली जातो. त्याच्या खाली. तो झोपतो आपल्यावर. वजन असतं. मग दिसेनासं होतं.

ती म्हातारी आज बोलली. तिला तिचं नाव आठवत नाही. मला विचारत होती —

अनुया. अनुया. अनुया. मी अनुया.

२२ मार्च, शनिवार

केंद्राची माणसं आलीत. दोघं. बाहेर चहा घेतायत. ती चहा देतेय. त्यांनी विचारलं पेशंट कसा आहे. सासूबाई म्हणाल्या, हीच की पेशंट. सगळे हसले.

हॅण्डल फिरवलं. पाठ खाली. आता सपाट —

उन्मेष आत आलाय. एकटा. गादीला दोरी बांधायला. वाकला. हात टेकला. माझ्या पोटावर.

थांबला.

हात हलवला. पुन्हा तिथेच ठेवला. त्याला लागतंय. ऊब लागतेय. त्यानं खिडकीकडे पाहिलं. ऊन नाही. दाराकडे पाहिलं. मग खाली. त्याच्या तोंडाचा रंग गेला. हळूच म्हणाला, "अनू?"

मी आहे. मी इथे —

"अनू, बरी आहेस ना?"

बाहेरून ती म्हणाली. लगेच. हो रे, बरी आहे, तुला पण चहा ठेवू का?

त्यानं श्वास सोडला. हात उचलतोय —

नको. उचलू नकोस. ती नाही, मला विचारलंस तू, मला. ओरडता येत नाही म्हणून लिहितेय, बघ खाली. सासूबाईंना कळू दे. सगळ्यांना कळू दे, लाज नाही, उन्मेष, मी बरी नाही, मी बरी नाही, मी बरी नाही, हात नको काढूस, मी